भाड्याने घेतलेला पिक्चर नेट नसलेल्या जागी चालतो का? आईला घेऊन भामरागडला चालली आहे

मानेवाड्याची_लेक

नमस्कार मंडळी, थोडी मदत पाहिजे होती. माझी पोस्टिंग भामरागड तालुक्यात आहे, सध्या सुट्टीवर नागपूरला घरी आली आहे आणि यावेळी जाताना आईला पण सोबत नेऊन राहिली, पावसाळाभर ती माझ्याकडेच राहणार. गणेशपेठहून एसटीने गडचिरोली, पुढे आलापल्ली आणि तिथून जंगलातला रस्ता, पूर्ण दिवस जातो. आलापल्ली सोडलं की नेटवर्कचा भरोसा नाही, आणि पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ताच बंद होते, लाईट जाते, लाईटच्या मागे टॉवर पण जाते, मग किती दिवस ते नदी ठरवते.

आईला मराठी सिनेमे खूप आवडतात आणि मी ड्युटीवर गेल्यावर ती दिवसभर खोलीत एकटीच असेल. म्हणून निघायच्या आधी काही सिनेमे भाड्याने घेऊन तिच्या टॅबवर डाउनलोड करून न्यायचा विचार आहे. म्हणजे महिन्याचं सबस्क्रिप्शनवालं नाही, तो एकेक पिक्चर पैसे भरून घेतात ना ते, कारण तिला जे पाहायचे आहेत ते सबस्क्रिप्शनमध्ये नाहीत. आता अडलेलं असं आहे की नेट अजिबात नसताना हे चालतात का, 48 तास म्हणतात ते कधीपासून मोजतात, डाउनलोड केल्यापासून की पाहायला लागल्यापासून, आणि पैसे मी माझ्या फोनवरून भरले तर आईच्या टॅबवर येईल का. आई एका बैठकीत पाऊण तासच पाहते, मग डोळे दुखतात, उरलेला दुसऱ्या दिवशी. घरी वायफाय नाही, स्टेशनवर फुकट वायफाय आहे म्हणतात, तिथे बसून उतरवून घेऊ का? ज्यांना नक्की माहीत आहे त्यांनी सांगा ना प्लीज.

अजनी_लाईन

ताई चालतो, नेट शून्य असलं तरी चालतो, पण डाउनलोड झाला म्हणजे पिक्चर आपला झाला असं नाही, एवढं आधी समजून घ्या मग बाकी सगळं आपोआप समजते. टॅबमध्ये जी फाईल येते ती कुलूपबंद असते आणि तिच्यासोबत किल्ली म्हणून एक लायसन्स येते, कोणत्या डिव्हाइसवर आणि कधीपर्यंत चालवायचा ते त्यात ठरलेलं असते. अँड्रॉइडवर हे काम गूगलचं वाइडवाइन करते, ॲपलवर फेअरप्ले. नेट लागते ते फाईल आणि लायसन्स आणायला, दोन्ही टॅबमध्ये आले की पाहताना नेट लागत नाही. फाईल कॉपी करून दुसऱ्या टॅबमध्ये टाकली तर चालणार नाही, कारण लायसन्स पहिल्या टॅबला बांधलेलं आहे.

आता 48 तासांचं. ॲपल, यूट्यूब, प्राइम व्हिडिओ, तिघांकडे आपल्याकडचा साधारण नियम सारखाच आहे, भाडं भरल्यापासून 30 दिवसांत सुरू करायचा आणि एकदा प्ले दाबला की 48 तासांत संपवायचा. डाउनलोड केल्याने 48 तास सुरू होत नाहीत, प्ले दाबल्याने होतात, आणि मधात पॉज केलं, टॅब बंद केला, झोपून गेलात, तरी ते तास थांबत नाहीत. त्या वेळात कितीदाही पाहा, काही हरकत नाही. एखाद्या पिक्चरची मुदत वेगळी असू शकते, पैसे भरायच्या पानावरच लिहिलेलं असते, ते वाचूनच भरा.

तुमच्या केसमध्ये 48 तासांपेक्षा 30 दिवस जास्त महत्त्वाचे आहेत हे कोणी सांगत नाही. तुम्ही म्हणता आई पावसाळाभर राहणार, आणि 30 दिवस मोजतात पैसे भरल्याच्या क्षणापासून, डाउनलोड कधी केला त्याच्याशी संबंध नाही. म्हणजे जूनमध्ये घेतलेला पिक्चर ऑगस्टसाठी ठेवता येत नाही, न पाहता पण संपते. म्हणून पैसे आठवडाभर आधी भरून नका ठेवू, निघायच्या आदल्या संध्याकाळी भरा, आणि पहिल्या महिन्यात आई जेवढे पाहू शकेल तेवढेच घ्या.

स्टेशनच्या वायफायचा नाद सोडा. रेलटेलचं, म्हणजे रेल्वेच्या कंपनीचं, फुकटचं रोज पहिली 30 मिनिटं असते, 1 एमबीपीएस स्पीडने. हिशोब करा, 1 एमबीपीएसने अर्ध्या तासात येते सव्वादोनशे एमबीच्या आसपास, आणि एक पिक्चर क्वालिटीनुसार दीड-दोन जीबीपासून चार जीबीपर्यंत असतो. 4 जीबी म्हणजे 32,000 मेगाबिट, त्या स्पीडने जवळपास नऊ तास. त्यांचे पैसेवाले प्लॅन फास्ट आहेत पण प्लॅटफॉर्मवर बसून हे कायले करता, कोणाकडे फायबर असेल तिथे जा, 30 एमबीपीएस जरी मिळालं तरी तीच फाईल अठरा-वीस मिनिटांत उतरते. टॅब सोबत न्या मात्र, माझ्या फोनवर उतरवून मग टॅबवर टाकते असं होणार नाही.

धरमपेठच्या_काकू

अगं बेटा, आधी आईला सोबत नेऊन राहिलीस आणि तिच्या करमणुकीचा एवढा विचार करून राहिलीस याचं खूप कौतुक वाटलं. मी दरवर्षी लेकीकडे दिल्लीला जाते, बैतूलच्या पुढे मरामझिरी-धाराखोहचा घाट लागतो तिथे बोगद्यांमुळे नेट येत-जात राहते, म्हणून मी नेहमी डाउनलोड करूनच निघते, त्यामुळे यातलं थोडं कळते.

वरच्या दादांनी नियम बरोबर सांगितला पण तो आईच्या पाहण्याला लावून बघ. ती पाऊण तास पाहते ना, तर सव्वादोन तासांच्या सिनेमाला तीन बैठका लागतील. रोज एकच बैठक धरली आणि पहिली सोमवारी रात्री 9 ला झाली तर मुदत बुधवारी रात्री 9 ला संपते, आणि तिसरी बैठक नेमकी बुधवारी रात्रीच येते. त्यात त्या दिवशी लाईट नसली, टॅब चार्ज नसला, पाहुणे आले, की शेवटचा भाग राहून जाते आणि नेट नसल्यामुळे परत भाडं पण भरता येत नाही. म्हणून तिला सांग की पहिली बैठक रात्री नको, सकाळी किंवा दुपारच्या जेवणानंतर कर, म्हणजे त्या दिवशीची संध्याकाळ, दुसरा पूर्ण दिवस आणि तिसऱ्या दिवशीची सकाळ एवढं सगळं हातात राहते. बाहेर पूर असेल आणि टॅबची बॅटरी कमी असेल तर नवा सिनेमा सुरूच करायचा नाही. एक संपल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही हे तर पक्कंच, कारण प्रत्येक सिनेमाचे 48 तास त्याचे त्याचे वेगळे चालतात. आपल्या वयाच्या बायकांची सवय असते, हा थोडा बघू, तो थोडा बघू, कोण कोण आहे त्यात ते पाहू. टीव्हीवर ते चालते, इथे उघडून बघितलं की तास सुरू.

आणि एक, आईला परत परत पाहायला आवडणारे जे असतील ते मिळत असतील तर विकतच घे. ॲपलच्या दुकानात आणि यूट्यूबवर बऱ्याच सिनेमांना भाडं आणि विकत दोन्ही पर्याय असतात. विकतला 48 तास नाहीत, 30 दिवस नाहीत. महाग पडते खरं, पण चार महिन्यांत आई तो पाच वेळा पाहणार असेल तर भाड्यापेक्षा तेच बरं. मी तर अर्धे विकत आणि अर्धे भाड्याने असंच करते.

मानेवाड्याची_लेक

काकू आणि दादा, खूप खूप धन्यवाद, 30 दिवसांचं तर माझ्या लक्षातच येणार नव्हतं. आता टॅबचं सांगा ना कोणी. अँड्रॉइड टॅब आहे, साधाच, आईचं स्वतःचं जीमेल अकाउंट आहे त्यात. माझं आणि तिचं फॅमिली ग्रुप बनवलं तर माझ्या अकाउंटवर घेतलेले सिनेमे तिच्याकडे दिसतील का? आणि सगळं बरोबर झालं की नाही हे निघायच्या आधी तपासायचं कसं, कारण प्ले दाबून पाहिलं तर 48 तास सुरू होणार.

बर्डीवाला_मेकॅनिक

ताई हे माझ्या लाईनीचं आहे, बर्डीवर मोबाईलचं काम आहे माझं आणि गडचिरोली-चंद्रपूर साईडची गिऱ्हाइकं नेहमी येतात म्हणून सविस्तर लिहून राहिलो.

फॅमिली ग्रुपने काम होणार नाही. गूगलच्या फॅमिली लायब्ररीत आणि ॲपलच्या फॅमिली शेअरिंगमध्ये विकत घेतलेले सिनेमे घरच्यांना दिसू शकतात, भाड्याचे नाही दिसत. मग एकतर आईच्याच अकाउंटवरून भाडं भरा, नाहीतर ज्या ॲपमध्ये घेणार त्यात टॅबवर तुमच्या अकाउंटने लॉगिन करा. पहिलं जास्त सोपं. आणि भाड्याचा पिक्चर एकावेळी एकाच डिव्हाइसवर डाउनलोड राहतो, म्हणून आधी हौसेने तुमच्या फोनवर डाउनलोड करू नका, टॅबवर घ्यायला मग फोनवरून काढावा लागते आणि त्याला परत नेट पाहिजे. यूट्यूबवर घेतलेला पिक्चर त्याच अकाउंटने गूगल टीव्ही ॲपमध्ये दिसतो, तिथून टॅबवर उतरवता येतो. प्राइमवर भाड्याने घ्यायला प्राइमची मेंबरशिप लागत नाही, 2022 च्या एप्रिलमध्ये त्यांनी हे सुरू केलं तेव्हापासून असंच आहे, नुसतं अकाउंट पाहिजे. लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये डाउनलोड होतच नाही, ॲपच पाहिजे.

तपासायचं असं करा. त्याच ॲपमध्ये फुकटचं किंवा सबस्क्रिप्शनमधलं काही पण एक छोटं डाउनलोड करा, मग टॅब फ्लाइट मोडवर टाका, वायफाय पण बंद आहे ना ते पाहा कारण काही टॅबमध्ये फ्लाइट मोडवर पण वायफाय चालूच राहते, टॅब पूर्ण बंद करून चालू करा आणि ते छोटं चालवून पाहा. ते चाललं म्हणजे ॲप ऑफलाइन उघडते, लॉगिन टिकते आणि टॅबमधलं लायसन्सचं काम बरोबर आहे. भाड्याच्या पिक्चरचं फक्त डाउनलोडच्या लिस्टमध्ये जाऊन पाहा, पूर्ण झालेला दिसते ना आणि किती दिवस उरले ते लिहिलेलं आहे ना, बस, त्याच्या चित्रावर बोट लावू नका. बरेच लोक 97-98 टक्क्यांवर डाउनलोड अडकलेलं असताना निघून जातात आणि तो मग चालत नाही.

तो छोटा चालवताना चित्र पण पाहून घ्या. वाइडवाइनच्या लेव्हल असतात, एल1 असलं तर एचडी मिळते, स्वस्त टॅबमध्ये बऱ्याचदा एल3 असते मग तुम्ही एचडीचं भाडं भरलं तरी 480 पीच दिसते. डीआरएम इन्फो नावाचं ॲप टाकलं की कोणती लेव्हल आहे ते समजते. एल3 निघालं तर एचडीचे जास्तीचे पैसे देऊ नका आणि डाउनलोडची क्वालिटी पण मधलीच ठेवा, आठ-दहा इंचाच्या स्क्रीनवर चांगलंच दिसते आणि जागा पण वाचते. जागेवरून आठवलं, आधी टॅबमध्ये किती जीबी खाली आहे ते पाहा, प्राइमच्या अँड्रॉइड ॲपमध्ये मेमरी कार्डवर डाउनलोड करायची सोय आहे.

ऑडिओची भाषा आणि सबटायटल पण डाउनलोड करायच्या आधी निवडा, तिथे गेल्यावर बदलायला नेट लागेल.

आणि आता जे सांगतो ते आईंना नीट समजावून ठेवा, लिहून टॅबच्या कव्हरमध्ये ठेवलं तरी चालेल. ॲपमधून लॉगआउट करायचं नाही. ॲप काढून परत टाकायचं नाही. टॅब हँग झाला म्हणून कोणी सेटिंगमध्ये जाऊन क्लिअर डेटा करतो म्हणालं तर करू द्यायचं नाही, क्लिअर कॅशने काही होत नाही पण क्लिअर डेटाने सगळे डाउनलोड उडून जातात. तारीख-वेळ ऑटोमॅटिकवरच राहू द्यायची, मुदत वाढेल म्हणून तारीख मागे करून पाहायच्या भानगडीत पडायचं नाही, ॲपला गडबड दिसली की ते नेट मागते आणि तिथे नेट नाही. निघायच्या आदल्या दिवशी सिस्टमचा मोठा अपडेट टाकू नका, टाकायचाच तर आत्ताच टाका म्हणजे काही बिघडलं तर इथे दुरुस्त होईल.

खामला_चौक

एवढं कायले करता बाप्पा, टेलिग्रामवर सगळे मिळतात, पेनड्राइव्हमध्ये भरून घेऊन जा. ना 48 तास ना 30 दिवस.

धरमपेठच्या_काकू

नको रे बाळा. मराठी सिनेमा थेटरात कसाबसा एक-दोन आठवडे टिकतो, आपल्या नागपुरात तर कधी दिवसाचा एकच शो आणि तोही अडनिड्या वेळेला. त्यानंतर त्या निर्मात्याला जे काही मिळते त्यात अशा भाड्याच्या आणि विकतच्या पैशांचा पण वाटा असते. आपल्यालाच आपल्या भाषेतले चांगले सिनेमे पाहिजेत आणि आपणच ते फुकट उचलले तर पुढचा कोण बनवेल? ही मुलगी स्वतःहून पैसे भरून पाहायचं म्हणते आहे, तिला त्यातच मदत करू या.

अजनी_लाईन

काकूंशी पूर्ण सहमत. आणि फाईल कुठून आली ते माहीत नसलेलं काहीही आईच्या टॅबमध्ये टाकूच नये, त्याच टॅबमध्ये जीमेल आहे आणि बँकेचं ॲप पण असेल.

ताई, सबस्क्रिप्शनचं पण थोडं सोबत ठेवा असं माझं मत आहे. त्यातल्या डाउनलोडला पण मुदत असते पण फरक असा की मुदत संपली तरी पिक्चर तिथे उपलब्ध असेपर्यंत नेटवर येऊन परत रिन्यू करता येते, जास्तीचे पैसे लागत नाहीत. भाड्याचं संपलं की संपलं. तुम्ही कामासाठी महिन्या-दीड महिन्यात आलापल्ली किंवा गडचिरोलीला जात असाल तर टॅब सोबत न्या, तिथे रेंज मिळाली की जुने रिन्यू करा आणि भाड्याचे पुढच्या महिन्याचे घ्या. मोबाईल डेटावर घेताना तुमच्या प्लॅनची रोजची लिमिट पाहून घ्या, दीड-दोन जीबीची असेल तर एका दिवसात एकच पिक्चर बसेल आणि तोही कमी क्वालिटीत.

मानेवाड्याची_लेक

हो, मीटिंगला गडचिरोलीला येणं होते माझं, तेव्हा टॅब घेऊन येईन, हे बेस्ट सांगितलं. मावशीकडे फायबर आहे, आईला घेऊन तिकडेच जाते टॅब घेऊन. आणि टेलिग्रामवाल्या भाऊंना राग नसावा, पण आईला चोरीचं काही चालत नाही, तिला समजलं तर ती पाहणारच नाही.

शेवटचं एक विचारते, क्वार्टरमध्ये टीव्ही आहे, जुना नाही, एचडीएमआय आहे त्याला. टॅबवरचा पिक्चर त्यावर लावता येईल का? आईच्या डोळ्यांना मोठं बरं पडेल, कदाचित पाऊण तासापेक्षा जास्त पण पाहील.

बर्डीवाला_मेकॅनिक

वायरलेसने नका धरून बसू. भाड्याच्या पिक्चरला स्क्रीन मिरर केलं की बहुतेक वेळा टीव्हीवर आवाज येते आणि चित्र काळं, तो बिघाड नाही, कॉपी होऊ नये म्हणून मुद्दाम बंद केलेलं असते. कास्टचं बटन दाबलं तर टीव्ही स्वतः नेटवरून पिक्चर मागतो, टॅबमधला डाउनलोड वापरत नाही, म्हणजे तिथे ते पण नाही.

वायरने होऊ शकते पण टॅबच्या टाइप सी पोर्टमधून व्हिडिओ बाहेर निघायला पाहिजे. सगळ्या टॅबमध्ये निघत नाही, साध्या टॅबमध्ये बहुतेक वेळा फक्त चार्जिंग आणि डेटा असते. टॅबच्या माहितीत डिस्प्लेपोर्ट किंवा व्हिडिओ आउट लिहिलं आहे का ते पाहा. लिहिलं असेल तरच टाइप सी ते एचडीएमआयवालं कन्व्हर्टर घ्या, आणि घेताना दुकानदाराला सांगा की एचडीसीपी (वायरमधून कॉपी होऊ नये म्हणून असलेलं कुलूप) चालणारं पाहिजे, नाहीतर फोटो आणि गाणी दिसतील पण भाड्याचा पिक्चर अडेल. घेण्याआधी दुकानातच टॅब लावून पाहा, त्या छोट्या डाउनलोड केलेल्या फाईलवरच, फ्लाइट मोडवर. बर्डीवर कोणत्याही चांगल्या दुकानात लावून दाखवतात, न दाखवणाऱ्याकडून घेऊच नका.

टॅबमधून व्हिडिओ निघतच नसेल तर त्या पैशात 20,000 एमएएचची पॉवर बँक घ्या. लाईट गेल्यावर टीव्ही तसाही बंदच राहणार, आणि पॉवर बँकेवर टॅब दीड-दोन वेळा चार्ज होते. सोबत आईंसाठी कानावर बसणारा वायरवाला हेडफोन, एसटीच्या आवाजात पण ऐकू येते आणि शेजारच्याला त्रास होत नाही. टॅबला हेडफोनची गोल पिन आहे का ते आधी पाहून घ्या, नसली तर टाइप सीवाला घ्या.